मधला गोळा

लग्न होऊन वेल्ह्यात आले तेव्हा सासरचं दुकान आहे एवढंच मला सांगितलं होतं. ते खरं निघालं. दुकानाच्या मागे घर होतं, घराच्या मागे डोंगर, आणि पावसाळ्यात डोंगराच्या जागी नुसते पांढरे ढग. घरातून निघालं की दुकान, दुकानातून निघालं की घर. मी भोरची. भोर काही फार मोठं नाही, पण तिथं डोकं फिरलं तर चार गल्ल्या चालून ते ठिकाणावर आणता येतं. वेल्ह्याच्या बाजारात एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस संध्याकाळी तब्येत विचारतो.

दुकान मोटार रिवायंडिंगचं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी, पंखे, मिक्सर यायचे. जुनी तार उपसून काढायची, नवी भरायची, वर वॉर्निश ओतायचं आणि भट्टीत वाळवायचं. सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, आणि आमचे हे, दोघं तिथं बसत. माझं शिक्षण बी.एस्सी. फिजिक्स. लग्न जमवताना ‘शिकलेली आहे, दुकानाला उपयोग होईल’ असं कुणीतरी म्हणालं होतं. तो उपयोग सुरुवातीला चहा करण्यापुरता होता, मग फोन घेण्यापुरता, आणि मग हळूहळू मी तार भरायला बसले.

पण माझा खरा उपयोग वेगळाच होता, आणि तो लग्नाआधी कुणी सांगितला नव्हता. मामा आणि हे एकमेकांशी बोलत नसत. ह्यांना दुकान शिवऱ्याला हायवेवर न्यायचं होतं, नव्या मोटारी विकायच्या होत्या. मामांना त्यात बापाचा अपमान दिसायचा. दोघांची तोंडं एकाच मोटारीवर वाकलेली असायची आणि बोलणं मात्र माझ्या मार्फत. ‘त्याला म्हणावं पान्हा दे.’ ‘मामांना सांग, पान्हा त्यांच्या पायाशी आहे.’ एखाद्या दिवशी आवाज चढला की मी चहा घेऊन मध्ये जायचे आणि दोघांचंही ऐकून घ्यायचे. मामा मला म्हणायचे की नवऱ्याला वळण लावता येत नाही. हे म्हणायचे की तू त्यांचीच बाजू घेतेस. सगळं माझ्या अंगावर येऊन जिरायचं आणि दुकान पुन्हा सुरू व्हायचं. माझा स्वभाव काही गरीब गायीचा नाही. ऐकून घेताना माझे दात आवळलेले असत.

अशात एका श्रावणात भोरहून फोन आला. ज्या कॉलेजात मी शिकले तिथल्या फिजिक्सच्या मॅडमचा. प्रयोगशाळेत सहायकाची जागा रिकामी होणार होती. मॅडम म्हणाल्या, तुझा हात चांगला होता, गणपतीच्या सुट्टीनंतर ये, मी थांबवून ठेवते. रोज एसटीनं जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. मी तो फोन एसटी स्टँडवर उभी राहून घेतला, कारण मोबाईलला रेंज तिथंच येते. घरी येईपर्यंत मी मनात तीनदा डबा भरून पाहिला.

आता इथं मामांची एक गंमत सांगायला हवी. ती गंमत त्यांनीच केली आणि अडकले मी.

मामा तरुणपणी पुण्यात पाट्या करणाऱ्याकडे होते. काचेच्या नळ्या वाकवून त्यात रंगीत उजेड भरायचा, त्या निऑनच्या पाट्या. पुढे गावी आले तरी शिवऱ्याच्या धाब्यांच्या पाट्या त्यांनीच लावलेल्या. एलईडी आल्यावर धाबेवाल्यांनी जुन्या पाट्या उतरवल्या, तेव्हा त्यांच्यामागचे ट्रान्सफॉर्मर मामा परत घेऊन आले. तीन होते. डांबरात बसवलेले, जड, काळे, घरातल्या इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा मामांना जवळचे. असा ट्रान्सफॉर्मर आता कुणी बनवत नाही. जेवताना एकदा मी बोलून गेले की कॉलेजात आम्हाला टेस्ला कॉइल दाखवली होती, असल्या ट्रान्सफॉर्मरवर हातभर लांबीची वीज हवेत पाडता येते. मामांचा घास हातातच राहिला.

त्याच आठवड्यात गणपती मंडळाची बैठक झाली. आमच्याकडे पद्धत अशी की एखादं मोठं काम निघालं की ताटात पानाचा विडा आणि सुपारी ठेवून ते ताट मध्ये ठेवतात. जो विडा उचलेल त्याचं ते काम. मग त्याला कुणी पुन्हा विचारत नाही आणि त्यानं पुन्हा कुणाला सांगायचं नाही. आदल्या वर्षी शेजारच्या पाली गावच्या मंडळानं धूर आणि लेझर केला होता, ते सगळ्यांना लागलं होतं. देखावा ठरला: डोंगरावर वीज पडते आणि गुहेतून गणपती प्रकट होतो. वीज कोण पाडणार? मामांनी विडा उचलला.

घरी आले ते फेटा बांधल्यासारखे. मी भोरच्या नोकरीचं सांगितलं तर म्हणाले, “गणपती झालं की जा. म्या काय अडवतोय व्हय? पर वीज पडली पायजे. सगळ्या गावाम्होरं शबूद दिलाय.”

तेव्हा मला ते फार सोपं वाटलं. वीज पाडायची आणि एसटीत बसायचं.

सामान जमवायला काही अडलं नाही. बारीक तार दुकानात पोत्यानं होती, ती एका जाड प्लास्टिकच्या पाइपवर मी एकेक वेढा घालून गुंडाळली. खालच्या जाड वेढ्यासाठी जुन्या फ्रिजची तांब्याची नळी मिळाली. वर डोक्यावर ॲल्युमिनियमच्या दोन पराती तोंडाला तोंड लावून बसवल्या. वीज साठवायला मिठाचं पाणी भरलेल्या काचेच्या बाटल्या लागतात, आणि त्यासाठी बिअरची बाटली सगळ्यात बरी. हे शिवऱ्याच्या धाब्यावरून टेम्पोत घालून क्रेट घेऊन आले. भर बाजारात क्रेट उतरवताना कुणीतरी विचारलं, एवढ्या कुणाला? हे सरळ म्हणाले, बायकोनं मागवल्यात. पुढचे काही दिवस मी भाजी आणायला गेले की भाजीवाली माझ्याकडे आदरानं पाहायची.

यंत्र कसं चालतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ट्रान्सफॉर्मर त्या बाटल्या भरतो. बाटल्या भरल्या की दोन पितळी नटांमध्ये ठेवलेल्या फटीत कडाड्कन ठिणगी पडते, आणि सगळा साठा एका झटक्यात तांब्याच्या वेढ्यातून पळतो. पाइपवरची तार तो झटका उचलते आणि परातीवरून वीज सुटते. बघणाऱ्याला वरची वीज दिसते. खाली काय होतं ते कुणी पाहत नाही. प्रत्येक ठिणगीबरोबर एक झटका उलटा फिरून ट्रान्सफॉर्मरवर येतो. ज्यानं सगळं दिलं त्याच्याच अंगावर. असे झटके सोसत सोसत कधीतरी आतल्या तारेचं कवच फुटतं आणि ट्रान्सफॉर्मर मरतो.

हे मी मामांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि ट्रान्सफॉर्मर उघडून बसले. रिवायंडिंगवाल्याला जळण्याचं एकच कारण माहीत असतं, कवच कमी पडलं. त्यांनी डांबर उकरून काढलं, तारेभोवती कागद वाढवला, वॉर्निशचा एक हात दिला, वाळवला, दुसरा दिला, मग तिसरा. वरून पुन्हा डांबर ओतलं. इतकं प्रेमानं केलं की मला काही बोलवेना.

तरीही मी बोलले. म्हटलं, मामा, झटका कवचानं थांबत नाही, त्याला बाहेर पडायला वाट ठेवावी लागते.

“उघडं ठिवलं की जळतं,” मामा म्हणाले. “आमी आयुष्यभर ह्येच केलंय. नीट बंद करून ठिवलं की कशाला काय हुत न्हाई.”

पहिल्या चाचणीत वीज बोटभर निघाली, आणि मग डांबराचा वास आला. वेल्ह्याच्या त्या दमट हवेत तो वास दोन दिवस घरातून गेला नाही. मामा जेवले नाहीत. मी जेवले, पण मलाही गोड लागलं नाही. तीनातला एक गेला होता, आणि मामांनी माझ्याकडे न पाहता एवढंच म्हटलं की हे काम अर्धवट टाकून तुला कसं जाता येईल, तूच सांग.

तेव्हा मला कळलं की माझी नोकरी त्या डांबराच्या खोक्यात आहे. तो जगला तर मी भोरला जाणार. तो गेला तर तो का गेला हे शोधत मी इथंच बसणार.

मग मी मामांना बाजूला बसवलं आणि माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. एसटी स्टँडवर छत्री घेऊन उभी राहायचे आणि मोबाईलवर वाचायचे. जगात कुठं कुठं लोकांनी असे ट्रान्सफॉर्मर जाळले होते आणि मग शहाणे झाले होते. उपाय फार साधा होता. ट्रान्सफॉर्मरच्या दोन तोंडांना दोन पितळी गोळे, आणि त्यांच्या बरोबर मध्ये तिसरा. मधला गोळा तारेनं थेट जमिनीत. फटी अशा ठेवायच्या की विजेच्या नेहमीच्या दाबाला काही होऊ नये, पण उलटा झटका आला की त्याला ट्रान्सफॉर्मरच्या आत शिरण्यापेक्षा मधल्या गोळ्यावर उडी मारणं सोपं वाटावं. मग तो तिथून जमिनीत जातो. दोन्हीकडचं तोच घेतो.

हे वाचलं तेव्हा मी एसटी स्टँडवर एकटीच मोठ्यानं हसले. कंडक्टरनं वळून पाहिलं.

गोळे म्हणून जुन्या लोखंडी कपाटाच्या पितळी मुठी निघाल्या. झटका थोडा बोथट करायला वाटेत जुन्या पंख्यांच्या रेग्युलेटरमधली रेझिस्टन्सची तार बसवली. असले डबे दुकानात ढिगानं होते. बारके कपॅसिटर ह्यांनी पुण्याहून आणले. हे त्या दिवसांत खूष होते. बापाच्या वॉर्निशपेक्षा बायकोचे गोळे बरे, असं त्यांनी बापाला ऐकू जाईल अशा बेतानं मला सांगितलं. मामांनी मला सांगितलं की त्याला म्हणावं, जास्त हसू नको.

प्रश्न जमिनीचा होता. मधल्या गोळ्याची तार खोल, ओल्या जमिनीत जायला हवी, आणि मांडवाच्या वायरिंगपासून वेगळी. आमच्याकडे हातभर खणलं की कातळ लागतो. मंडळाच्या पोरांनी डोकं चालवलं. गावात सगळ्यात खोल गेलेलं लोखंड कुठलं? हापसा. त्यांनी तार नेऊन हापशाच्या पाइपला बांधली. मी नको म्हणत होते, पण तोवर त्यांनी नारळही फोडला होता. निदान सगळ्यांना सांगा, ती तार कुणी सोडायची नाही, असं मी बजावलं. त्यांनी सगळ्यांना म्हणजे एकमेकांना सांगितलं.

दुपारच्या चाचणीत वीज छान पडली, हातभर. त्याच वेळी हापशावर माझ्या सासूबाई, आत्याबाई, पाणी भरत होत्या. दांड्याला हात लावला की मुंग्या येतात अशी बायकांत कुजबुज झाली. आत्याबाईंनी पाहिलं, कुणीतरी पाइपला तार बांधून ठेवलीय. त्यांनी ती सोडली, कपड्याच्या दोरीसारखी व्यवस्थित गुंडाळली आणि दांड्याला अडकवून ठेवली. संध्याकाळी मंडळाच्या लोकांना दाखवायला म्हणून आम्ही पुन्हा सुरू केलं. वीज पडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मधल्या गोळ्याला जमीनच उरली नव्हती. टाळ्या संपायच्या आत डांबराचा वास आला.

मी हापशापर्यंत चिखलातून पळत गेले. ती गुंडाळी पाहिली आणि मला रडू आलं. दुःखानं नाही, रागानं. आत्याबाई मागून आल्या, म्हणाल्या, “मला काय ठावं? तू म्हनली आसतीस तर म्या राखण बसले आसते.” त्या खरोखर बसल्या असत्या. म्हणून त्यांच्यावर नीट रागवताही येईना.

आता एकच उरला.

मी त्याला कुणाला हातही लावू देईना. मांडवाच्या मागे भाताचं खाचर होतं, सप्टेंबरात त्यात घोटाभर पाणी उभं. त्याहून ओली जमीन कुठली? खाचरवाल्यानं एका कोपऱ्याला हरकत घेतली नाही. पण चिखलात पुरायला तांब्याचं मोठं काहीतरी हवं होतं, आणि तांब्याचं मोठं असं घरात एकच होतं. माझ्या रुखवतातली कळशी. आईनं दिलेली. दर दिवाळीला चिंचेनं घासून मी ती आरशासारखी करायचे आणि पुन्हा फळीवर ठेवायचे. पाणी तिच्यात कधी भरलं नाही. ह्यांनी तिला डाख देऊन तार जोडली. आत्याबाई दारात उभ्या होत्या, म्हणाल्या की माहेरची वस्तू अशी पुरू नये. मी म्हटलं, माझ्याच माहेरची आहे. आणि खाचराच्या कोपऱ्यात चिखलात गुडघाभर उतरून मी ती पुरली. वर येताना मला इतकं रिकामं वाटलं की बांधावर जरा वेळ बसून राहिले.

गणपती बसले. देखाव्याच्या मागे काळा पडदा, पडद्यामागे यंत्र, आणि यंत्राजवळ माझी जागा. विजेच्या इतक्या जवळ बसायचं तर भोवती जाळी हवी, जमिनीला जोडलेली, म्हणजे वीज आत येत नाही. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणून ह्यांनी मला एक पिंजरा करून दिला. आत एक स्टूल आणि एक बटण. पोरं म्हणायची, वहिनी आज किती अंडी? मी म्हणायचे, या आत, मोजून दाखवते.

आरती झाली की दिवे जायचे आणि मी बटण दाबायचे. पडद्यापलीकडे आख्खा गाव एकदम ‘हो’ करायचा. मला पडद्याची काळी पाठ दिसायची आणि खाली ते तीन गोळे. मी त्यांच्यावरच डोळा ठेवून असायचे. बराच वेळ काही नाही, आणि मग टक्. एक निळी ठिणगी एका बाजूच्या गोळ्यावरून मधल्यावर. म्हणजे एक झटका ट्रान्सफॉर्मरवर चालला होता, तो कळशीत गेला. पाऊस असला, हवा जड असली, की टक् टक् वाढायचं आणि माझा जीव टांगणीला लागायचा. पण डांबराचा वास आला नाही. पालीहून, शिवऱ्याहून लोक गाड्या करून यायचे. पडद्याच्या फटीतून एकदा मामा दिसले, पहिल्या रांगेत, पांढऱ्या टोपीत. विजेकडे नाही, लोकांच्या तोंडाकडे पाहत होते. मला त्यांची माया आली. ती आली नसती तर फार बरं झालं असतं.

विसर्जनाच्या सकाळी मॅडमना फोन करून सांगितलं की सोमवारी हजर होईन. डबाही घासून ठेवला.

दुपारी मिरवणुकीआधी स्टेजवर माझं नाव पुकारलं. सुनेचा सत्कार वेल्ह्यात त्याआधी मी पाहिला नव्हता. अध्यक्षांच्या हातून माझ्या अंगावर शाल घातली गेली, आत्याबाईंनी ओटी भरली. मी खूष झाले, खोटं कशाला सांगू. मग ताट आलं. ताटात विडा आणि सुपारी. शेजारी शिवऱ्याच्या मंडळाचे दोघं आणि पालीचे नवरात्रवाले उभे होते, आणि मला तेव्हा उमगलं की हे सत्काराचं पान नाही. अध्यक्ष माइकवर म्हणाले की नवरात्राला पाली, पुढच्या वर्षी पुन्हा वेल्हं, मग शिवरं, ही वीज आता आपल्या तालुक्याची शान आहे. सगळा बाजार समोर उभा. मामांच्या डोळ्यांत पाणी. त्यांच्या शेजारी हे, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच मी त्या बापलेकांना खांद्याला खांदा लावून उभं पाहत होते.

मामा हळूच म्हणाले, “घ्या सूनबाई.”

त्या माणसानं आयुष्यात मला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

ते माझ्यावर ओरडले असते तर मी ताट तिथंच ठेवून खाली उतरले असते. मला भांडता येतं. पण शाल अंगावर होती, आणि ती वॉर्निशचा एक हात होती, वर आणखी एक, वर आणखी एक. त्यांनी मला जपायचं ठरवलं होतं, आणि जपायची त्यांना एकच रीत येत होती. मी विडा उचलला.

घरी आल्यावर मी विचारलं, मामा, तुम्ही म्हणाला होता गणपती झाले की जा. ते शांतपणे म्हणाले, “जा की. कोन अडवतंय? इडा मातूर तू उचललास.” आणि दिवा लावायला आत गेले.

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळली. आत्याबाईंनी ती आदळू दिली. मग चुलीकडे तोंड करूनच म्हणाल्या, “विजेचं सोड. ती काय, हाय तर हाय. तू दिसभर भोरला गेलीस तर ही दोगं एकमेकांची डोकी फोडत्याल. हे घर तुझ्यावर उबं हाय, मला ठावं हाय. तुझ्याआदी मीच हुते तितं.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं असेन. त्यांना मला थांबवायचंही होतं आणि सोडवायचंही, आणि त्यातलं एकही त्यांच्या हातात नव्हतं. मी स्टँडवर जाऊन मॅडमना फोन केला आणि सांगितलं की जमणार नाही. मॅडमनी कारण विचारलं. विडा उचलला, हे भोरच्या फिजिक्सच्या बाईंना कसं सांगायचं ते मला सुचेना, म्हणून मी रेंज गेल्यासारखं केलं.

त्यानंतर नवरात्रं आणि गणपती येत राहिले. ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे. गणपती-नवरात्र झालं की तो माझ्या जुन्या साडीत गुंडाळून कपाटाखाली जातो. कळशी अजून खाचरात आहे. वेल्ह्याचा देखावा दर वर्षी त्याच जागी असतो, म्हणून ती काढायची वेळच येत नाही. मामा थकलेत, गल्ल्यावर बसून असतात. हे आणि ते अजून माझ्याच मार्फत बोलतात, फक्त आवाज उतरलेत. त्या विजेचे व्हिडिओ लोकांच्या मोबाईलवर मी खूप पाहिलेत. समोर उभं राहून मात्र एकदाही नाही, कारण ती पडते तेव्हा मी पिंजऱ्यात असते.

यंदा स्थापनेच्या आदल्या दिवशी मॅडमचा पुन्हा फोन आला. त्या आता निवृत्तीला आल्यात. म्हणाल्या, ती जागा पुन्हा रिकामी होतेय, ह्या वेळी माझ्याच हातात आहे, पुढच्या वर्षी मी नसेन. संध्याकाळपर्यंत हो की नाही सांग. मी दिवसभर कुणाला बोलले नाही. मनात मात्र ठरलं होतं. हो म्हणायचं. मामांना आता ओरडायचीही ताकद नाही, आणि बटण काय, ह्यांनाही दाबता येतं.

संध्याकाळी मांडवात चाचणी होती. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही बसा जरा आत, मला एक फोन करायचाय. हे पिंजऱ्यात बसले. मी मांडवाला वळसा घालून एसटी स्टँडवर आले. तिथून देखावा अगदी समोर दिसतो. मॅडमनी फोन उचलला, आणि त्याच वेळी वीज पडली.

जांभळी होती. व्हिडिओत पांढरी दिसते, पण जांभळी होती. परातीवरून निघून थर्मोकोलच्या डोंगरावर बोटं पसरल्यासारखी. शेजारी उभी असलेली माणसं ‘हो’ म्हणाली. मी म्हणाले नाही. मी कान देऊन ऐकत होते. एवढ्या लांबून, एवढ्या आवाजात ते टक् ऐकू येणं शक्यच नव्हतं, हे मलाही कळत होतं. तरी मी त्याचीच वाट पाहत होते. वीज पुन्हा पडली. तिच्याकडे बघायचं सोडून मी पडद्याच्या खालच्या कडेकडे बघत होते.

मॅडम फोनवर विचारत होत्या, “काय मग, केव्हा येतेस?”

मी म्हणाले, “गणपती झाले की.”

माझ्याच तोंडून निघालं ते. मामांच्याच चालीत. मॅडम म्हणाल्या, बरं. मी फोन बंद केला आणि मांडवामागे पळाले.

आत सगळं ठीक होतं. गोळे आपापल्या जागी, मधल्यावर मधूनच निळी ठिणगी. ह्यांनी मान वर करून विचारलं, झाला का फोन? मी म्हटलं, झाला, उठा तिथून, मधला गोळा ढिला झालाय. ह्यांनी बटण सोडलं, बाहेर येऊन तो हलवून पाहिला. तो घट्ट होता. मी जाळीचं दार उघडून आत गेले आणि स्टुलावर बसले.